सोफा कुणी हलवला?

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या घरी दरवर्षी एक भांडण ठरलेलं असतं. फर्निचर कुठे ठेवायचं? बायकोला हॉल 'मोठा दिसायला' हवा असतो, आणि हॉल तर दरवर्षी तेवढाच असतो. २०२१ साली ती जिंकली. सोफा खिडकीखालून निघाला आणि बेडरूमच्या दाराशेजारच्या भिंतीला लागला. टीपॉय तिरका झाला. आई म्हणाली, "छान दिसतंय हो." बाबांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "माझा चष्मा कुठे ठेवलात?"

अर्ध्या तासाने आतून खारी आली. खारी म्हणजे आमची लॅब्रेडोर. रंग डिट्टो बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून खारी. (घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने पाव किलो खारी पिशवीसकट खाल्ली होती, हे दुसरं कारण.) नेहमीच्या डुलत्या चालीत, शेपूट हलवत आली आणि थेट सोफ्याच्या कडेवर जाऊन आदळली. धाडकन.

आम्ही हसलो. हो, हसलो. "अगदी तुझ्यासारखी वेंधळी आहे रे," बायको मला म्हणाली. खारी दोन पावलं मागे सरकली, अंदाज घेतला, आणि पुन्हा त्याच जागी आदळली.

या वेळी कुणीच हसलं नाही.

दुपारचे बारा वाजलेले, खिडक्या उघड्या, हॉलमध्ये लख्ख ऊन. मी तिच्यासमोर बसलो आणि डोळ्यांपुढून हात फिरवला. तिने पापणी मिटली, मान वळवली. मी लगेच निदान करून मोकळा, "दिसतंय तिला. दचकली असेल जरा." (हाताने लागलेला वारा तिला जाणवला होता, हे नंतर कळलं. बाकी टेस्टिंगची इतकी वर्षं नोकरी केली, पण टेस्ट केसच चुकीची लिहिली.) बायकोचं समाधान झालं नाही. ती मुकाट्याने सोफा मागे ढकलायला लागली. सोफा जागेवर गेला आणि खारी बेडरूमच्या दारातून निघून, टीपॉयला वळसा घालून, पाण्याच्या पातेल्यापर्यंत सरळ गेली. कशालाही न धडकता. जणू काही झालंच नाही.

तेव्हा माझ्या पोटात पहिल्यांदा गोळा आला.

बाबांनी तोवर स्वतःचा उपाय काढला होता. "माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे ड्रॉप्स आहेत ना अर्धी बाटली शिल्लक. दोन-दोन थेंब घालून बघू." आमच्या घरात औषध वाया घालवणं हे पाप आहे. नशीब, बायकोने ती बाटली कपाटात कुलूप लावून ठेवली. पुढे डॉक्टरांना हे सांितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. अशा ड्रॉप्समध्ये बहुतेकदा स्टिरॉइड असतं, आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर एखादी जखम असेल तर ते थेंब ती जखम चिघळवतात, प्रसंगी डोळाच जातो. तेव्हा मंडळी, घरातले उरलेले ड्रॉप्स कुत्र्याच्या डोळ्यांत घालू नका. वडील कितीही आग्रह करोत.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. प्राण्यांचे डोळ्यांचे स्पेशालिस्ट असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. तिथे एक साधी गोष्ट बघितली ती विसरता येत नाही. डॉक्टरांनी कापसाचा एक बोळा घेतला आणि खारीच्या नाकासमोरून खाली सोडला. कापूस पडताना आवाज करत नाही, त्याला धड वासही नाही. दिसणारा कुत्रा त्याच्यामागे मान वळवतोच. खारी समोर बघत बसून राहिली. दुसरा बोळा, तिसरा बोळा. काही नाही. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि तो जमिनीला लागायच्या आत तिचे कान ताठ आणि मान बरोब्बर तिकडे!

मग दिवे बंद झाले. त्यांनी डोक्याला दिवा लावला, हातात भिंग घेतलं आणि बराच वेळ तिच्या डोळ्यांच्या तळाशी बघत राहिले. खारी जिभेने त्यांचं मनगट चाटत होती. दिवे लागल्यावर त्यांनी नाव सांगितलं: प्रोग्रेसिव्ह रेटिनल ॲट्रॉफी. थोडक्यात पीआरए. डोळ्याच्या मागचा पडदा हळूहळू झिजत जातो. वेदना नाही, लाली नाही, पाणी येणं नाही. आणि उपायही नाही.

"साधारण किती दिवस झाले असतील?" मी विचारलं.

"दिवस नाही हो, वर्षं. दिवसाची नजर आत्ता आत्ता गेली असेल. रात्रीची दीड-दोन वर्षांपूर्वीच कमी व्हायला लागली असणार. तुमच्या कधी लक्षात आलं नाही? अंधारात जायला कां-कूं करणं, जिना उतरताना अडून बसणं?"

मी म्हटलं, "नाही, तसं काही नाही."

हे मी खोटं बोललो. त्याच्याकडे मी येतो.

आधी आजाराबद्दल. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. एक अंधुक उजेडात काम करणाऱ्या, दुसऱ्या भर उजेडात रंग नि बारकावे टिपणाऱ्या. पीआरएच्या या प्रकारात अंधारातल्या पेशी आधी जातात. म्हणजे कुत्रा आधी फक्त रात्री आंधळा होतो. दिवसा बॉल झेलतो, कबुतरांमागे धावतो, आणि आपल्याला वाटतं सगळं उत्तम चाललंय. मग उजेडातल्या पेशीही जायला लागतात. हे सगळं इतकं सावकाश, की कुत्र्याला घर पाठ करायला भरपूर वेळ मिळतो. खारीने आमचं घर पाठ केलं होतं. बेडरूमपासून पातेल्यापर्यंत किती पावलं, बाल्कनीचा उंबरा कुठे, स्वयंपाकघराच्या दारात आईने ठेवलेला पाट कुठे. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर कधीच बंद पडला होता, आणि ती सगळं कॅशमधून चालवत होती. आम्ही युजर मंडळी खूश. मग कुणीतरी सोफा हलवला.

त्या रात्री मी आमच्या धंद्यातल्या सवयीप्रमाणे रूट कॉज ॲनालिसिस करायला बसलो. लॉग कुठे मिळणार? फोटोंमध्ये! फोनमध्ये खारीचे हजारभर फोटो होते. फ्लॅशने काढलेले तेवढे वेगळे काढले आणि तारखेने लावले.

कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. पडद्यातून निसटलेला उजेड तो परत पाठवतो, म्हणून रात्री गाडीच्या दिव्यात कुत्र्यामांजरांचे डोळे चमकतात. पडदा झिजून पातळ झाला की उजेड अडवायला कुणी उरत नाही, आणि ही चमक वाढत जाते. बाहुलीही मोठी राहते. २०१८ च्या फोटोत खारीचे डोळे जरासे हिरवट. २०१९ मध्ये जास्त. २०२० च्या दिवाळीत, आकाशकंदिलाखाली, दोन चकचकीत हिरव्या टिकल्या. त्या फोटोखाली मी स्वतः लिहिलं होतं, "काय ते डोळे!!" आणि सगळे मित्र बदाम पाठवून मोकळे झाले होते.

मार्च २०२० पासून मी चोवीस तास घरात होतो. माझ्या टेबलाखाली, माझ्या पायावर डोकं ठेवून ती झोपायची. दिवसाला आठ तास मी स्क्रीनकडे बघत होतो आणि माझ्या पायाशी एक जीव आंधळा होत होता. असो.

आता ते खोटं.

आमची सोसायटी कोथरूडमधली जुनी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि जिन्यातला दिवा वर्षातले सहा महिने गेलेला. अमेरिकेचे कॉल संपायला रात्रीचे साडेअकरा व्हायचे, मग मी खारीला खाली न्यायचो. २०२० च्या पावसाळ्यापासून ती जिन्याच्या तोंडाशी अडून बसायला लागली. चारही पाय रोवून. मी म्हणायचो, "माजलीये नुसती. लॉकडाऊनमध्ये आळशी झालीये." मग पट्टा ओढायचो. ती नखं घासत, एकेक पायरी चाचपत उतरायची. एका रात्री कॉलवर माझी चांगलीच निघाली होती. रिलीज फिसकटलं होतं आणि खापर माझ्यावर फुटलं होतं. जिन्याशी ती थांबली. मी रागाने हिसका दिला. ती चार-पाच पायऱ्या गडगडत खाली गेली.

मोडलं काही नाही. दोन दिवस लंगडली. घरी मी सांगितलं, "मांजर दिसलं, त्याच्यामागे उडी मारली तिने." आईने हळद लावली आणि तिलाच रागावली, "कशाला गं धडपडतेस?" खारीने माझा हात चाटला.

आजपर्यंत हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. बायको हे वाचतेच, म्हणजे आज कळेल. कळू दे.

या आजाराचं मूळ जनुकात आहे. लॅब्रेडोर, कॉकर स्पॅनियल, पूडल आणि आणखी कितीतरी जातींमध्ये पीआरसीडी नावाच्या जनुकातला एकच बारीकसा बदल हे करतो. तो २००६ मध्ये सापडला. एक अक्षर चुकलंय, अक्षरशः. आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून ती चुकीची प्रत आली तरच आजार होतो. एकच प्रत असलेला कुत्रा ठणठणीत असतो, पण तो ती पुढे देऊ शकतो. असे दोघे एकत्र आले की प्रत्येक पिल्लामागे चारात एक शक्यता. गालाच्या आतून नमुना घेऊन याची टेस्ट होते. आम्ही खारीची केली, दोन्ही प्रती चुकीच्या निघाल्या. निदान नक्की झालं, बाकी हाती काही नाही.

खरं म्हणजे ही टेस्ट पिल्लू घ्यायच्या आधी आईबापांची व्हायला हवी. लॅबमध्ये हा आजार बहुधा चार-सहा वर्षांच्या वयात दिसायला लागतो, तोवर त्यांना पिल्लं होऊन गेलेली असतात. आम्ही २०१६ च्या जानेवारीत पिल्लू आणायला गेलो तेव्हा मी काय विचारलं? किंमत कमी होईल का, आणि पेपर्स आहेत का. मोबाईल घेताना आपण पंधरा रिव्ह्यू वाचतो, साहेब. दहा-बारा वर्षं सोबत राहणाऱ्या जिवाबद्दल मी दोन प्रश्न विचारले, आणि दोन्ही चुकीचे.

पहिले काही आठवडे मी रोज रात्री नेटवर उपाय शोधत बसायचो. तेव्हा लॅन्सलॉट भेटला. हा ब्रियार्ड जातीचा कुत्रा, जन्मापासून आंधळा. त्याच्यात आरपीई६५ नावाचं जनुक बिघडलेलं होतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि इतर ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी एका निरुपद्रवी विषाणूवर चांगलं जनुक लादून त्याच्या डोळ्यात सोडलं, आणि लॅन्सलॉटला दिसायला लागलं. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेच जनुक बिघडलेली मुलंही जन्मतात. कुत्र्यांपासून सुरू झालेल्या त्या कामातून डिसेंबर २०१७ मध्ये मुलांसाठीच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. वारशाने येणाऱ्या आजारावरचं तिथलं ते पहिलं जनुकीय औषध. म्हणजे एका आंधळ्या कुत्र्यामुळे कुठल्या तरी पोराला आईचा चेहरा दिसला.

रात्री दोन वाजता हे वाचून मी बायकोला उठवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "खारीचं जनुक तेच आहे?"

नाही. वेगळं आहे. तिच्या जनुकावर असं औषध नाही.

"मग झोप," ती म्हणाली. "उद्या काथ्याची पायपुसणी आणायची आहेत."

पायपुसण्यांची आयडिया तिची. जिन्याच्या तोंडाशी काथ्याचं, बाल्कनीच्या उंबऱ्याशी रबरी, पातेल्याखाली जुन्या सतरंजीचा तुकडा. पायाला काय लागलं यावरून कुठे आलो ते कळायला हवं. टीपॉयच्या कोपऱ्यांना फोम लावला. खुर्ची मागे घेतली की परत आत सरकवायची, हा घराचा कायदा झाला. 'पायरी', 'थांब', 'डावीकडे' हे शब्द ती दोन आठवड्यांत शिकली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात लावायच्या आधी आवाज द्यायचा. हे आम्ही किंमत मोजून शिकलो. शेजारच्या पोराने तिला मागून येऊन मिठी मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा खारी गुरकावून कुणाच्या अंगावर गेली. चावली नाही, पण पोरगा रडला, त्याची आई आमच्यावर चिडली, आणि खारी दोन दिवस टेबलाखालून बाहेर आली नाही. त्या महिन्यात ती खरंच खचली होती. कुत्री लगेच जुळवून घेतात असं सगळे सांगतात. घेतात, पण 'लगेच' नाही.

तिला बाहेर काढलं आईने. ही तीच माझी आई, जिने पाच वर्षं कुत्रीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. एरवी ती हातात एकेकच बांगडी घालायची. दिवाळीनंतर मी बघितलं तर दोन्ही हातांत चार-चार काचेच्या. "काय गं, लग्नाला निघालीस?" "तिला कळायला नको का मी कुठे आहे ते?" आई भाजी चिरत होती आणि खारी तिच्या पायाशी बसली होती. उंबऱ्याच्या आत.

जाता जाता ज्यांच्या घरी कुत्री आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यात निळसर झाक दिसली म्हणजे मोतीबिंदूच असतो असं नाही, बऱ्याचदा ते नुसतं वय असतं आणि दिसतही असतं. पण खूप पाणी पीत असेल, वजन उतरत असेल आणि डोळे झपाट्याने पांढरे होत असतील तर साखर तपासा. डोळा लाल, फुगलेला, कुत्रा तो उघडत नाहीये, असं दिसलं तर वीकेंडची वाट बघू नका. ती काचबिंदूची वाढ असू शकते, आणि त्यात काही तासांत नजर जाते. पग, शित्झू यांचे डोळे बाहेर आलेले असतात, त्यांना जखमा लवकर होतात. आणि संध्याकाळनंतर तुमचा कुत्रा 'हट्टी' झाला असेल, तर ओढायच्या आधी एकदा दिवा लावून बघा.

खारीला आता मोतीबिंदूही झालाय, तो या आजारात मागाहून येतो. लोक विचारतात ऑपरेशन का नाही करत? कॅमेऱ्याची काच पुसून काय उपयोग, आतली फिल्मच गेलीये.

एवढं सगळं बसल्यावर, एप्रिल २०२३ मध्ये आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करा! जे घर तिला पाठ होतं ते पाडणार होते. मी सह्या करायच्या मीटिंगमध्ये बसलो होतो, लोक कार्पेट एरिया आणि पार्किंगवर भांडत होते, आणि माझ्या डोक्यात फक्त 'बेडरूम ते पातेलं' एवढाच नकाशा. भाड्याची घरं शोधताना अकरा ठिकाणी 'कुत्रा नको' ऐकलं. एका ठिकाणी तर 'आंधळा' म्हटल्यावर बाई कळवळल्या आणि मग नाही म्हणाल्या. शेवटी जवळच तळमजल्यावरचं घर मिळालं.

आयुष्यात बरीच मायग्रेशन केली, पण इतकं धास्तावून एकही नाही. आईला तिची गादी, सतरंजी सगळं धुऊन न्यायचं होतं. बायकोने हात लावू दिला नाही, "तिचा वास तेवढा तरी जुना राहू दे." नव्या घरात सोफा, टीपॉय, पातेलं यांची आपसातली मांडणी जुन्या घरासारखीच केली. पहिल्या दिवशी एकच खोली, पट्टा लावून, भिंतीच्या कडेकडेने. दुसऱ्या दिवशी दुसरी. बाबा तिच्याबरोबर फेऱ्या मारायचे, "हे दार. हा कट्टा. ही माझी खुर्ची, इथे यायचं." मी एक्सेल शीट केली होती, रोज किती वेळा धडकली ते लिहायला. पहिल्या दिवशी एकतीस. पाचव्या दिवशी बारा. नवव्या दिवशी शून्य. त्या दिवशी मी हापिसात पेढे वाटले. कशाचे, ते सांगितलं नाही.

आता खारी दहा वर्षांची आहे. तोंड पांढरं झालंय, चाल मंदावलीये. नव्या इमारतीचा ताबा मिळायची वेळ जवळ आली आहे, म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून. परवा बिल्डरकडून फ्लॅटचा फ्लोअर प्लॅन आला. बायकोने लगेच हॉल किती मोठा दिसेल ते बघायला घेतलं. थोड्या वेळाने प्रिंटआऊट टेबलावर पडलेली दिसली. बाबांनी पेन्सिलने त्यावर एक गोल काढला होता, खिडकीखाली, आणि शेजारी लिहिलं होतं, "पातेलं". त्याच्या बाजूला सोफा. बाकी घर कोरं होतं.

हॉल लहान दिसणार आहे. बायको काही बोलली नाही.